विसापूरचा सातबारा

विसापूर म्हटले की कोणाही पुणेकराला लोहगडाच्या शेजारचा किल्ला आठवतो. मळवली स्टेशनावर उतरावयाचे, भाज्याहून चढण धरावयाची आणि भर पावसात, पायऱ्यांवरून धबधब्यासारखे पाणी कोसळत असताना, ओलेचिंब होऊन माथा गाठावयाचा, हा आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींचा दरसालचा कार्यक्रम. परंतु मी ज्या विसापुराविषयी लिहावयास बसलो आहे ते इतके लांब नाही. तिथे जाण्यासाठी आगगाडी लागत नाही की दमछाक होत नाही. तुम्ही पुण्याचे रहिवासी असाल तर गेल्या आठ-पंधरा दिवसांत तिथे जाऊनही आला असाल. पणत्या, रांगोळीचे रंग, लक्ष्मीपूजनाची केरसुणी आणि झेंडूची फुले असा सगळा बाजार करून, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आकाशकंदील सांभाळत तुम्ही ज्या गर्दीतून वाट काढली, तीच विसापूरची जमीन. शुक्रवार पेठ वसली त्याआधी त्या जागी जी वस्ती होती तिचे नाव विसापूर असे होते. पेशवाईत पेठेला वाराचे नाव मिळाले आणि विसापूर कागदोपत्री उरले.

पुण्याच्या पेठांना अशी दोन-दोन नावे आहेत. सोमवार म्हणजे शहापूर, रविवार म्हणजे मलकापूर, शनिवार म्हणजे मुर्तुजाबाद. बुधवाराला मुहियाबाद हे नाव औरंगजेबाने आपल्या नातवाच्या आठवणीसाठी दिले, असे सांगतात. ही नावे उच्चारून पाहिली की एक गंमत ध्यानात येते. त्यांतली काही बादशाही थाटाची आहेत, पण विसापूर हे नाव मात्र एखाद्या साध्या खेड्याचे वाटते. एस. टी.च्या पाटीवर शोभेल असे. तुम्ही कंडक्टरला सांगावे, ‘विसापूर एक अर्धे’, आणि त्याने काही न विचारता तिकीट फाडावे!

मी मराठी शिकवतो. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण शब्दांच्या मागे लागलेला माणूस हिंडत हिंडत इतिहासाच्या शिवारात शिरतो, त्याला इलाज नाही. ‘मंडई’ हाच शब्द पाहा. जुन्या कोरीव लेखांत ‘मंडपिका’ असा एक संस्कृत शब्द येतो. व्यापारी मालावरची जकात जिथे घेत त्या जागेला मंडपिका म्हणत. उत्तरेतली ‘मंडी’ आणि आपली ‘मंडई’ यांचे नाते या मंडपिकेशी जोडले जाते. म्हणजे शब्दाच्या उगमाशी विकणारा नाही आणि घेणाराही नाही. उगमाशी आहे वसुली करणारा! हे वाचले तेव्हा मी मनाशी हसलो खरा, पण पुढे विसापूरच्या जमिनीची कहाणी जसजशी कळत गेली तसतसे त्या हसण्यातले हसू कमी होत गेले.

मंडईच्या आसपासची नावे घ्या. पलीकडे तुळशीबाग, अलीकडे बेलबाग, जरा पुढे नातूबाग, टिळक रस्त्याकडे निघालात तर हिराबाग, आणि पर्वतीच्या पायथ्याशी सारसबाग. आज यांतल्या बहुतेक बागांत औषधालासुद्धा झाड सापडावयाचे नाही. तुळशीबागेत मिळत नाही अशी वस्तू नाही. बांगड्या आहेत, पितळी भांडी आहेत, मुलींच्या भातुकलीचे संसार आहेत. फक्त तुळशीचे बन नाही. नाव राहिले आणि जमीन दुसऱ्याच कामी लागली. अशी पाच-सहा नावे एकमेकांना खेटून आली म्हणजे समजावे, की इथे एके काळी माळरान नव्हते, भिजणारी जमीन होती. ती भिजावी असे पाणीही जवळ होते. कात्रजच्या डोंगरातून येणारा आंबिल ओढा तेव्हा शहराच्या पोटातून वाहत मुठेला मिळत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीजवळ बांध घालून त्याचा प्रवाह वळवला गेला, आणि कात्रजच्या तळ्यातून दगडी नळाने गावात पाणी आले. शुक्रवार पेठेतला काळा हौद त्याच पाण्यावरचा.

जुन्या गावगाड्यात गावाचे दोन भाग असत. घरे असत ती पांढरी आणि शेते असत ती काळी. पुण्याची पांढरी म्हणजे कसबा. तीसुद्धा एकदा नाहीशी झाली होती. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला. जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे आल्यावर सोन्याच्या फाळाचा नांगर धरून जमीन पुन्हा लागवडीला आणल्याची कथा आपण चौथीच्या पुस्तकात वाचतो. त्या कथेत सोने आपल्याला लख्ख दिसते. पण त्या नांगराला जुंपलेले बैल कोणाचे होते आणि दुसऱ्या दिवशी लाकडी नांगर घेऊन कोण शेतात उतरले, हे चौथीतही कोणी विचारत नाही आणि एम. ए.लाही कोणी विचारत नाही. झांबरे, शितोळे ही नावे पुण्याच्या पाटीलकी-देशमुखीशी जोडलेली आहेत. वतनदारांची नावे राहतात, कारण वतन म्हटले की तंटा आला, तंटा म्हटला की महजर आला, आणि महजर म्हटला की कागद आला. ज्यांना तंटा करण्याइतके काही नव्हते त्यांचा कागदच झाला नाही.

विसापूरच्या काळीचे नशीब फिरले ते पेशवे पुण्यास राहावयास आल्यावर. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची. वाड्याभोवती सरदार आले, कारकून आले, सावकार आले. त्यांच्या मागून सोनार, कासार, तांबट, बुरूड आले. इतकी माणसे कसब्यात मावेनात. तेव्हा जिवाजीपंत खासगीवाले यांनी विसापूरच्या जागी नवी पेठ वसवली. १७३४ हे साल त्यासाठी सांगितले जाते. ‘खासगीवाले’ हे आडनाव नव्हे, काम होते. पेशव्यांचा जो घरचा, खासगीकडचा कारभार, तो पाहणारे ते खासगीवाले. पेठ वसवणाऱ्याला तिथे इनाम जमीन मिळे, तशी त्यांनाही मिळाली. त्यांचा वाडा उठला, बागा उठल्या, आणि विसापूरची काळी पाहता पाहता ‘खासगीवाल्यांची जागा’ झाली.

या खासगीवाल्यांच्या पदरी साताऱ्याकडच्या पाडळी गावचा एक मुलगा आला. त्याचे नाव नारो आप्पाजी खिरे. बागेतली फुले आणि तुळशी पूजेसाठी पोचवण्याचे काम तो करी, अशी आख्यायिका आहे. तुळशी वेचणारा हा मुलगा पुढे वाढत वाढत पुणे सुभ्याचा सुभेदार झाला. निजामाच्या फौजेने १७६३ साली पुणे लुटले आणि जाळले, त्यानंतर शहर पुन्हा उभे करण्यात त्याचा मोठा हात होता. ज्या बागेत त्याने तुळशी वेचल्या तीच त्याने घेतली आणि १७६१ साली तिथे रामाचे देऊळ बांधावयास काढले. ते काम १७९५ पर्यंत चालले होते. खिरे हे आडनाव मागे पडले आणि घराणे ‘तुळशीबागवाले’ झाले. एरवी जमिनीला माणसाचे नाव लागते. इथे माणसालाच जमिनीचे नाव लागले.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना ती फार आवडते. गरिबीतून वर आलेल्याची गोष्ट कोणाला आवडत नाही? पण दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, तुळशी वेचणारा एकच होता का? बाकीच्यांचं काय झालं?” वर्ग हसला. मीही हसलो आणि तासाची घंटा झाली. तो प्रश्न मात्र घंटेबरोबर गेला नाही.

तो राहण्याचे एक कारण घरचेच होते. आमचे घराणे सासवडच्या पलीकडचे, कऱ्हेच्या काठच्या एका लहान गावचे. तिथले कुलकर्णीपण आमच्याकडे पाच-सहा पिढ्या होते. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. त्याचे आजोबांना फारसे वाटले नाही. ते तोवर पुण्यात कारकुनी करू लागले होते आणि दफ्तरापेक्षा महिन्याचा पगार बरा असे त्यांचे मत झाले होते. पण नंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने जमिनीचा मालक झाला. आमची जमीन दोन पिढ्या एकच कूळ कसत होते. आजोबांच्या तोंडून कुळाविषयी वावगा शब्द मी कधी ऐकला नाही, पण त्या सालानंतर ते गावाला गेले नाहीत. जत्रेलाही नाहीत. घरात ‘एक एप्रिल’ म्हटले की बाकीच्या पुण्याला थट्टा सुचे आणि आमच्याकडे सगळे गप्प होत.

चुलत आजोबा गावीच राहून जो तुकडा स्वतः कसत होते तेवढा मात्र राहिला. सव्वीस गुंठे आणि शेजारच्या विहिरीत चार आणे हिस्सा. सातबाऱ्यावर आज आम्हां पाच चुलत भावंडांची नावे आहेत. यांतले एकजण बंगळूरला, एक न्यू जर्सीला, आणि बाकीचे आम्ही पुण्यात. त्या रानात कोणते पीक आहे हे विचाराल तर पाचांपैकी एकालाही सांगता यायचे नाही. परंतु किंमत सर्वांना पाठ आहे! पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ साली झाली आणि तेव्हापासून त्या सगळ्या मुलखात जमिनीच्या भावाखेरीज दुसरा विषय नाही. ज्या सात गावांच्या जमिनी त्यासाठी निवडल्या गेल्या त्यांत आमचे गाव नाही. पण जे जवळ आहे त्याची किंमत वाढते, हा विसापूरच्या वेळचाच नियम आहे.

त्या सात गावांत एक नाव खानवडीचे आहे. मंडईची कहाणी खानवडीशिवाय पुरी होत नाही, म्हणून आता तिकडे वळतो.

साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले कटगुण हे गोऱ्हे आडनावाच्या एका माळी कुटुंबाचे मूळ गाव. तिथून हे कुटुंब खानवडीला आले आणि शेटिबा गोऱ्हे पुढे पुण्याला आले. त्यांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद. तिघे फुलांच्या धंद्यात शिरले, पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार, गजरे पोचवू लागले, आणि त्यांचे काम पसंत पडून पेशव्यांनी त्यांना फुलबागेसाठी पस्तीस एकर जमीन इनाम दिली. गोऱ्हे होते ते फुले झाले. इथवर ही गोष्ट नारो आप्पाजींच्या गोष्टीसारखीच चालते. पण पुढे वळण येते. वडील वारल्यावर थोरल्या राणोजींनी ती सारी जमीन आपल्याकडे ठेवली, असे चरित्रकार सांगतात. धाकट्या गोविंदरावांच्या हाती इनामातले काही आले नाही. त्यांनी भाजीपाल्याचे दुकान घातले. १८२७ साली त्यांना मुलगा झाला. तोच जोतीराव.

इथे मला तो मागच्या बाकावरचा मुलगा आठवतो. तुळशी वेचणाऱ्यांपैकी बाकीच्यांचे काय झाले, तर हे झाले. एकाच घरातल्या तिघा भावांत एकाला जमीन आणि एकाला तराजू. दोघांचाही घाम त्या इनामात होता. कागदावर मात्र एकाचाच ताबा उरला.

गोविंदरावांच्या मुलाने १८४८ साली बुधवारातल्या भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तो वाडा मंडईपासून हाकेच्या अंतरावर होता. मोडकळीला आला होता. २०२३ च्या डिसेंबरात तो पाडला गेला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक करावयाचे ठरले. पण जोतीराव पुणे नगरपालिकेचेही सभासद होते, १८७६ पासून १८८२ पर्यंत, हे कमी लोकांच्या लक्षात असते. त्या काळी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल, माशा, सारे काही डोक्यावर आणि पायांखाली. नगरपालिकेने ठरवले की शहराला शोभेल अशी बंदिस्त मंडई बांधावी. जागा निवडली ती शुक्रवार पेठेतली, खासगीवाल्यांची, चारएक एकरांची मोकळी जमीन. पेशवाई जाऊन साठ वर्षे उलटली होती. सरदारांच्या बागा ओस पडत होत्या आणि इनामदारांना रोख पैशाची गरज भासू लागली होती. जमीन विकली गेली. विसापूरच्या काळीचा हा तिसरा जन्म.

त्या मंडईला जोतीरावांनी विरोध केला. भाजी विकणाऱ्याच्या मुलाने भाजीमंडईला विरोध करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र दिसते. त्यांचे म्हणणे असे, की लाखांच्या घरातला हा पैसा दगडांत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणात घालावा. मला या म्हणण्यात भाजीवाल्याविषयीचा तिटकारा कुठेही दिसत नाही. दिसते ती त्याच्या मुलाविषयीची काळजी. मंडईला छप्पर झाले तर आजचा भाजीवाला पावसात भिजणार नाही. शाळा झाली तर उद्याच्या मुलाला भिजायचे की नाही हे स्वतः ठरवता येईल. जोतीरावांचे सभागृहात चालले नाही. वासुदेव बापूजी कानिटकर या नामांकित कंत्राटदारांनी काळ्या दगडाची ती देखणी इमारत बांधली. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून फाकलेले पसारे. १८८६ च्या ऑक्टोबरात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि मुंबईच्या गव्हर्नराचे नाव मिळून ती ‘रे मार्केट’ झाली.

खरे सांगावयाचे तर इमारत सुरेख आहे. सकाळी सातच्या सुमारास मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहावे. उंच झरोक्यांतून तिरपी उन्हे उतरतात, खाली कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारलेले असते, आणि त्या ओल्या हिरव्या वासात क्षणभर असे वाटते की ही इमारत नसून अजून शेतच आहे. फक्त पीक कापून, धुऊन, जुड्या बांधून ठेवले आहे. सासवडकडचा वाटाणा, अंजीर, सीताफळ, खेड-मंचरकडचे बटाटे आणि कांदे असा चहूंकडचा मुलूख इथे आपापल्या वासासकट हजर असतो. त्या गर्दीत पुण्याच्या सार्वजनिक जीवनानेही आपले बस्तान ठोकले. रे साहेबांच्याच नावाचे औद्योगिक वस्तुसंग्रहालय १८९० पासून इथे होते. मंडईतल्या गणपतीशेजारी शारदा येऊन बसली. १९१५ साली जवळच ‘आर्यन’ हे सिनेमागृह निघाले. ते १९८३ साली पडले, तरी तिथल्या वाहनतळाला लोक आजही ‘आर्यन’च म्हणतात. १९२४ साली लोकमान्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला आणि त्याचे अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. राजकारणाच्या गप्पांना इथे इतका ऊत येई की पुणेकरांनी ‘मंडई विद्यापीठ’ असे नाव पाडले. या विद्यापीठात परीक्षा नाहीत आणि पदवीदान नाही, म्हणूनच की काय, तिथले प्राध्यापक कधी निवृत्त होत नाहीत!

आणि मग १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव ‘महात्मा फुले मंडई’ झाले. अत्रे सासवडचे, खानवडी त्याच पुरंदर तालुक्यातली. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच त्या माणसाचे नाव कोरले गेले, याला काहीजण दैवाची थट्टा म्हणतात. मला तसे वाटत नाही. विसापूरच्या जमिनीवर आजवर ज्यांची नावे चढली ते सारे तिचे मालक होते, नाहीतर मालकांचे मालक. पेठ वसवणारे, इनाम घेणारे, राज्य करणारे. दोनशे वर्षांत पहिल्यांदा त्या जागेला अशा माणसाचे नाव लागले की ज्याच्या बापाने तराजू धरला होता.

मंडईत माझी एक भाजीवाली ठरलेली आहे. मी तिला मावशी म्हणतो आणि ती मला ‘सर’ म्हणते. तिच्या सासूच्या सासूपासून गाळा त्यांच्याकडे आहे. घाऊक व्यापार गुलटेकडीला गेला तेव्हा अर्धी मंडई ओस पडेल असे सगळे म्हणत होते. पुढे दारोदार भाजी पोचवणारी मुले आली. पलीकडे जमीन खणून स्टेशन झाले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात मंडईच्या खालून मेट्रोही धावू लागली. मावशी जिथल्या तिथे. यंदा नवरात्राच्या आधी एकदा गर्दी कमी होती, तेव्हा मी तिला हा विसापूरचा सगळा पाढा वाचून दाखवला. खासगीवाले, तुळशीबागवाले, गोऱ्हे, फुले. ती गवारीच्या शेंगा निवडत ऐकत होती. मी म्हणालो, “मावशी, तुमचं रान कुठं?”

“आमचं कुठलं रान, सर? आज्जेसासरे दुसऱ्याच्या मळ्यावर राबायचे. आमचं रान म्हंजे ह्यो गाळा. हात पसरले की शीव लागती.” मग शेंगा पारड्यात टाकत ती म्हणाली, “पर तुम्ही सांगितलं त्यात गवार कुनी लावली, त्ये काय आलं न्हाई.”

मी पैसे दिले आणि निघालो. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले होते तेच हिने विचारले, फक्त पारड्यावरून.

गाव नमुना सातमध्ये एक बाजू मालकाच्या नावांची असते. तिथे आम्हां पाचांची नावे आहेत. समोरच्या बाजूला ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ असे एक सदर असते. विकत घेणारा पहिली बाजू नीट वाचतो. दुसरी बाजू मोकळी असली म्हणजे त्याला बरे वाटते. विसापूरचा सातबारा जर कोणी आज काढला तर पहिल्या बाजूला एकाखाली एक मोठमोठी नावे येतील आणि त्यांतली बरीचशी कंस करून कमी केलेली असतील. दुसऱ्या सदरात मात्र काही नसेल. मोट हाकणारे, वाफे बांधणारे, तुळशी वेचणारे, गाढवाच्या नांगरानंतर पुन्हा बी टाकणारे, गावकुसाबाहेर राहून पांढरीची आणि काळीची सारी कामे उपसणारे, यांचा कोणताही अधिकार तिथे नोंदलेला नसेल. इतिहासातले हे सदर कोरे राहते, याचा अर्थ ते रिकामे होते असा नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या कुळाचा नातू पुण्यात घरी आला होता. माझ्याच वयाचा आहे. मार्केट यार्डात वाटाणा घालून आला होता, कपड्यांना पोत्यांचा वास येत होता. आमच्या भावंडांनी तुकडा विकायला काढला आहे हे त्याच्या कानावर गेले होते. चहा घेऊन झाल्यावर तो म्हणाला, “दादा, इकायचं तर इका. तुमचं हाय. आमच्यानं त्यो भाव व्हायचा न्हाई. पर घेणारा हिरीचा हिस्सा घेऊन तारंचं कुंपन मारील. आमचं तीन एकर त्या पान्यावर हाय. पाणंद त्या बांधावरूनच हाय. तेवढं बघा.” एवढे बोलून त्याने गावाकडच्या जत्रेची तारीख सांगितली आणि बस पकडायची म्हणून उठला. एक एप्रिलचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. जाताना आजोबांच्या तसबिरीकडे पाहून त्याने हात तेवढे जोडले.

दसऱ्याला आम्ही भावंडे दूरध्वनीवर एकत्र बोललो. न्यू जर्सीच्या भावाचे म्हणणे व्यवहाराचे होते. हिस्सा, वाट आणि जमीन एकत्र विकली तर जो भाव येतो तो सुटे करून यावयाचा नाही. दलालही तेच सांगत होता. मी म्हणालो की विक्रीला माझी ना नाही. आपल्यापैकी कोणी ते रान कसणार नाही आणि न कसणाऱ्याने जमीन धरून ठेवावी यात मला काही पुरुषार्थ दिसत नाही. परंतु विहिरीतले चार आणे शेजारच्यांच्या नावे करून द्यावे, पाणंदेची वाट खरेदीखतात लिहावी आणि दोन्हीची नोंद त्या दुसऱ्या सदरात व्हावी. मगच माझी सही. त्यामुळे जो पैसा कमी येईल तो माझ्या वाट्यातून कापावा. बंगळूरची बहीण लगेच हो म्हणाली. इतरांनी विचार करून सांगतो म्हटले. माझ्या पत्नीने आकडा विचारला, कागदावर वजाबाकी केली, तो आकडा बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाली, “मुलाच्या फीचे तेवढे पुरतील ना? मग करा.”

अजून उत्तरे यावयाची आहेत. ती काय येतील हे मला माहीत नाही. सव्वीस गुंठ्यांनी इतिहासाचे कोणतेही सदर भरून निघत नाही, हेही मी जाणतो. पण तलाठी कार्यालयातून कोरा अर्ज आणून ठेवला आहे. ‘इतर अधिकार’ या शब्दांपुढे दीड ओळीची मोकळी जागा आहे. विहिरीचे चार आणे आणि एक पाणंद तेवढ्यात सहज मावते. माझे अक्षर बऱ्यापैकी आहे. शेवटी कुलकर्ण्यांचे घर. भाऊबीज झाली की भरावयास घेईन.